उघाडी चांगुणाबाईंनी चालवली

चांगुणाबाई, हजेरीच्या मस्टरवर तुमच्या जागी तुमच्या दिराचं, जोमाचं नाव मी लिहिलं. त्याने ते मागितलं नव्हतं. मोठ्या साहेबांनीही तसं सांगितलं नव्हतं. युक्ती माझी होती आणि अक्षरही माझंच. गावात आजही काही जण म्हणतात की दिराने भावजयीची नोकरी खाल्ली. शेवटी शेवटी तुम्हीही तसंच म्हणायला लागला होतात, असं तुमच्या लेकीने, सखूने, मला बाराव्याच्या दिवशी सांगितलं. ते ऐकून, खोटं कशाला सांगू, मला क्षणभर बरं वाटलं. म्हणजे तुमच्या तोंडून तरी माझं नाव सुटलं होतं. त्या बरं वाटण्याची लाज वाटायला दोन दिवस जावे लागले. माझा पश्चात्तापही माझ्यासारखाच आहे, सरकारी चालीने चालणारा.

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तुमच्याशी बोलायची सवय मोडून तीन वर्षं झाली होती, ती तुम्ही गेल्यावर परत लागली आहे. जिवंत माणसाशी बोलायला धीर लागतो. मेलेल्याशी कुणीही बोलतो.

मी साताऱ्याकडून इंजिनिअर म्हणून नवा नवा आलो होतो. आणीबाणी नुकतीच उठली होती. सानपाड्याच्या खाडीकडे तेव्हा इमारती मोजून चार, आणि बाकी सगळी तुमची भातशेती, जी आता तुमची राहिली नव्हती. नव्या शहराच्या प्रकल्पाने जमीन घेतली, तशी खाडीचं खारं पाणी अडवणारा गावाचा बांधही घेतला, आणि त्या बांधातली लाकडी उघाडीही घेतली. भरतीला दारं लावायची, ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, एवढंच त्या उघाडीचं काम. आम्ही तिथे काँक्रीटचं बांधकाम केलं, लोखंडी दरवाजे बसवले, वर मोठं चाक लावलं. नवं शहर कोरडं राहणार होतं ते त्या चाकावर. ते कधी फिरवायचं हे मला एका छापील पुस्तकातून कळायचं. भरती-ओहोटीच्या वेळा त्यात असत.

तुम्ही बांधावर पाटी पालथी घालून तिच्यावर बसायचात आणि माझ्याकडे बघायचात. नवरा गेल्यापासून जुनी उघाडी तुम्हीच सांभाळत होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, जमीन गेलेली बाई आहे, बसते बिचारी.

त्या पावसाळ्यात पौर्णिमेच्या उधाणाला मी पुस्तक बघून दरवाजा उघडायला सांगितला. तुम्ही उठून ओरडलात, "आरं बंद कर! खाडी अजून उतरली नाय!"

"बाई, बाजूला व्हा. वेळ झालीय. यात छापलंय."

"छापलंय कुटं? मुंबईत?"

"हो. बंदरात."

"मंग पानी बंदरातून हितं उडत येतं काय रं? चालत येतं, चालतच जातं. त्याला येल लागतो!"

तोवर खाडी आत शिरली होती. माझे दोन मजूर चाक सोडून पळाले. तुम्ही पदर खोचलात आणि चाकाला अक्षरशः लोंबकळलात. पायांखाली जमीन नव्हती तुमच्या. मी दुसऱ्या बाजूने धरलं, तेव्हा दरवाजा खाली आला. सिमेंटची गोणी न् गोणी भिजली, मजुरांच्या झोपड्यांत गुडघाभर पाणी झालं. तुम्ही धापा टाकत म्हणालात, "पुस्तक वाळत घाल आता."

मी वर कळवलं की चाक अडकलं होतं. तुमच्याबाबतीतलं ते माझं पहिलं खोटं. तेव्हा ते मला खोटं वाटलंच नाही, रिपोर्ट वाटला.

त्यानंतर मी तुमच्याकडे शिकलो. चांगुणाबाई, हे मी मनापासून सांगतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मनापासून असं फार नाही. तिथीची पाऊणपट करायची म्हणजे भरतीची वेळ निघते. त्यात आपल्या खाडीचा उशीर मिळवायचा, वारा दक्षिणेचा असेल तर अजून थोडा. तुम्ही बोटांच्या पेरांवर मोजायचात आणि मी डायरीत लिहून घ्यायचो. कॉलेजात चार वर्षं पाण्यावरच घालवली होती मी. पाणी चालत येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग जागा निघाली. उघाडीवर, म्हणजे आमच्या भाषेत गेटवर, कायमचा माणूस हवा होता, आणि जमीन गेलेल्या घरातला एक जण नोकरीला घ्यायचा असा नियम होता. मी तुमचं नाव घेऊन मोठ्या साहेबांकडे गेलो. ते चहा पीत होते.

"बाई?" ते म्हणाले. "गेटवर? रात्रीची भरती आली की काय करणार तुमची बाई? बायकांना रात्रपाळी देता येत नाही, माहीत आहे ना?"

"सर, नवरा गेल्यापासून रात्रीच्या भरतीला त्याच जातायत."

"स्वतःच्या शेतासाठी जात असेल. आपल्यासाठी गेली आणि काही झालं तर उत्तर कोण देणार, तुम्ही? आणि तिथे बाईमाणसासाठी सोय काय आहे? एक संडाससुद्धा नाही."

"बांधता येईल, सर."

"एका बाईसाठी?" ते हसले. "अहो, घरात पुरुष नाही का कुणी? उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका."

इथे मला भांडता आलं असतं. नोकरी गेली नसती. फार तर बढती लांबली असती. पण मी खाली मान घालून बाहेर आलो, आणि जिना उतरताना मला युक्ती सुचली. ती सुचल्याचा मला आनंद झाला होता, हे विसरता येत नाही. मला वाटलं, मी साहेबालाही हरवलं आणि बाईचंही भलं केलं.

तुमच्या पडवीत बसून मी सांगितलं, "नाव जोमाचं लावू. काम तुम्हीच करा. पगार घरातच येईल. कागद कोण बघतो?"

जोमा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मना काय येतंय त्यातलं? वहिनीचं काम हाय ते." हे तो म्हणाला होता, चांगुणाबाई. आता त्याला काही जण शिव्या घालतात म्हणून सांगितलं पाहिजे.

तुम्ही सुपातले तांदूळ निवडत होतात. मान वर न करता विचारलंत, "मंग माजं नाव कुटं?"

"तुमचं नाव आम्हाला सगळ्यांना माहीतच आहे की."

"सगल्यांना माहीत हाय म्हंजे लिवायला नको, असंच ना? मंग तुजं पन नको लिवू. तुला पन सगली वलखतात."

मी हसलो. मला तो विनोद वाटला. तुम्ही हसला नव्हतात. सखूला सातवीपर्यंत तरी शिकवायचं होतं, शेत गेलं होतं, म्हणून तुम्ही हो म्हणालात. त्या होकाराला मी इतकी वर्षं तुमची संमती म्हणत आलो.

सात वर्षं उघाडी तुम्ही चालवलीत. ऑगस्टमधलं उधाण असो की पौषातली पहाट, तुमची वेळ चुकली नाही. सेक्टर भरत गेला, बिल्डिंगींना सोसायट्यांच्या पाट्या लागल्या, बायका गॅलऱ्यांत कपडे वाळत घालू लागल्या. आपण समुद्राच्या पातळीखाली राहतो आणि एक बाई चाक फिरवते म्हणून आपले गालिचे कोरडे राहतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोलाही नव्हतं. तिने एकदा विचारलं, "ती गावातली बाई तुम्हाला एवढं अरे-तुरे का करते?" मी म्हणालो, "त्यांची बोलीच तशी आहे." तेही अर्धंच खरं होतं. तुम्ही मोठ्या साहेबांना अहो म्हणायचात.

आणि तपासणी. हे लिहायला हात तयार होत नाही. वरून कुणी येणार असलं की मी आदल्या दिवशी येऊन सांगायचो, "चांगुणाबाई, उद्या जरा तिवरात." जोमा खाकी घालून केबिनसमोर उभा राहायचा. ती केबिन गेटवरच्या माणसासाठी बांधलेली होती, आणि गेटवरचा माणूस बांधाच्या पलीकडे तिवरांच्या झाडीत चिखलात उकिडवा बसलेला असायचा, गाड्या जाईपर्यंत. तुमचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. मी कधी विचारलं नाही.

एकदा पाहुण्यांपैकी एकाने जोमाला सहज विचारलं, "आज भरती कधी?" जोमा तिवरांकडे बघायला लागला, सगळेच तिवरांकडे बघायला लागले. तेवढ्यात झाडीतून तुमचा आवाज आला, मासे धरायला आलेल्या बाईने लांबच्या बाईला हाक मारावी तसा, "गो नागे! सवादोनला पानी चरंल गो! बिगीबिगी ये!"

"सवादोनला, सायेब," जोमा म्हणाला.

पाहुण्याने त्याची पाठ थोपटली. गाड्या गेल्यावर तुम्ही बाहेर आलात, मांड्यांपर्यंत चिखल, आणि म्हणालात, "नागी मेली, तिला पाच वरसं झाली. तिनं पन तुजी नोकरी वाचवली बघ." आपण तिघं हसहसून लोळलो. जोमाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो किस्सा मी किती जणांना सांगितला असेल! ऑफिसातल्या पार्टीत, नावं बदलून. लोक हसायचे. त्या गोष्टीत एक बाई चिखलात बसली आहे, हे कुणी विचारलं नाही. सांगणाऱ्यालाच ते दिसत नव्हतं, तर ऐकणाऱ्याला कुठून दिसणार?

मधूनमधून तुम्ही विषय काढायचात. "सायेब, आता लाव की नाव. आता तर त्यांनी बघितलं, गेट चालतंय."

"बघू. नवे साहेब येऊ देत."

"सायेब येतात नि जातात. भरतीसारकं. तू मातर खुंट्यासारका हायस, हालत नायस."

नवे साहेब आले, तेही गेले. प्रत्येकाला मी सांगू शकलो असतो. पण आता सांगायचं म्हणजे मागची सगळी मस्टरं खोटी ठरणार होती, आणि प्रत्येक पानावर माझी सही होती. वर्ष जाईल तसं खरं सांगणं जड होत गेलं. खोट्याला वजन नसतं असं म्हणतात. मला तरी ते तसं आढळलं नाही.

मग कायम करायच्या माणसांची यादी आली. जोमा कायम झाला. कायम माणसाला अर्ज करता येतो, तसा त्याने अर्ज केला आणि तो ऑफिसात शिपाई झाला, पंख्याखाली. सात वर्षं लोक त्याला गेटमन म्हणत होते. त्याचाही त्यावर विश्वास बसला असावा. त्याच्या जागी दुसरा माणूस आला, आणि त्याने तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, "आजी, इथे बसायचं नाही."

तुम्ही सखूकडून अर्ज लिहून घेतलात. तिचं अक्षर मला आठवतं, गोल गोल, शाळेतलं. 'काम मी केले आहे. साहेबांना विचारा.' एवढंच. साहेबांना विचारा. तुमचा एकुलता एक साक्षीदार मी होतो, आणि तुम्ही निर्धास्त होतात.

चौकशी दहा मिनिटं चालली. अधिकाऱ्याने मला विचारलं, "ही बाई गेटवर काम करायची?" तुम्ही दाराशी उभ्या होतात. तुम्हाला खुर्ची दिलेली नव्हती. नवी साडी नेसला होतात.

मी म्हणालो, "येत-जात असायच्या. दिराचा डबा घेऊन."

हा डबा कुठून आला माझ्या तोंडात, मला माहीत नाही. त्याची तयारी केली नव्हती. 'मला आठवत नाही' एवढं म्हणायचं ठरवून गेलो होतो. पण खोटं बोलायला बसलं की ते आपोआप सजतं. डबा म्हटल्यावर अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. बाई आणि डबा, ते त्याला लगेच पटलं.

तुम्ही रडला नाहीत, ओरडला नाहीत. नुसतं म्हणालात, "डबा, सायेब?" आणि माझ्याकडे बघत राहिलात, जसं त्या पहिल्या पावसाळ्यात बांधावरून बघायचात. मग पायांत चपला घातल्यात आणि गेलात.

मी बदली मागून घेतली. द्रोणागिरीच्या बाजूला, उरणकडे, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. तिथेही खाडी होती, उघाड्या होत्या. मी तिथीची पाऊणपट करून वेळ सांगायचो तेव्हा लोक म्हणायचे, साहेबांचा अभ्यास दांडगा आहे. मी कधी म्हटलं नाही की हे मला कुणी शिकवलं.

एकदाच भेटलात. सानपाड्याच्या बाजारात तुम्ही मासळी घेऊन बसला होतात. मी समोर येऊन उभा राहिलो, तोंडापर्यंत शब्द आले होते. तुम्ही वर बघितलंत. ओळखलंत, मला शंका नाही.

"काय देऊ, शेट?"

सायेब नाही, अरे-तुरे नाही. शेट. मी अर्धा डझन बोंबील घेतले. तुम्ही एक वर टाकलात, सगळ्यांना टाकता तसा. घरी आणून मी ते बायकोकडे दिले आणि जेवायला बसलो नाही. तुम्हाला वाटलं असेल, गेला हा, सुटली पीडा. मला वाटत होतं, पुढच्या आठवड्यात येईन. तुम्ही जाईपर्यंत मी पुढच्या आठवड्यात येत होतो.

तुम्ही गेल्याचं मला जोमानेच ऑफिसातून फोन करून कळवलं. बाराव्याला मी गावात आलो. घरापुढे मांडव होता, पुढे पुरुष, मागे बायका. तुमच्या नावाने जेवण होतं आणि पुढे सगळे पुरुष, ही मांडणी तुम्हाला नवी वाटली नसती. जेवणाआधी कुणी कुणी उठून तुमच्याबद्दल दोन शब्द बोलत होतं. भजनात टाळ धरणारा एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "लय मायेची बाय. दीर गेटवर होता, तर उन्हापावसात त्याचा डबा पोचवायची. कवा चुकली नाय."

लोकांनी माना हलवल्या.

मी ज्या खोट्याने तुमची नोकरी घालवली, त्यानेच ते तुम्हाला निरोप देत होते. त्या म्हाताऱ्याने तुम्हाला चाक फिरवताना शंभर वेळा पाहिलं असेल. पण सरकारी चौकशीत ठरलं होतं ना, डबा. आणि त्याला ते सोपंही होतं. जोमा खाली बघत पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

मी उभा राहिलो. मी म्हणालो, "डबा नव्हता. उघाडी चांगुणाबाईंनी चालवली. सात वर्षं, एकट्यांनी. जोमाचं नाव मी लावलं. चौकशीत विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. ही सगळी माझी चूक आहे. मी माफी मागायला आलोय."

मग मागून, बायकांतून, सखू उठली. दोन लेकरांची आई झाली आहे ती आता. पुरुषांच्या मधून वाट काढत ती पुढे आली आणि माझ्यासमोर वहीचा कागद धरला.

"तोंडानं नको, सायेब. तोंडानं तू लय बोललास. लिवून दे. मी उद्या हापिसात नेऊन देनार हाय."

"सखू, त्याने आता काही मिळायचं नाही..."

"मिलायचं असतं तं कवाच आली असती मी तुज्याकडं. मना तिचं नाव पायजे त्यांच्या फायलीत. लिव."

मी लिहिलं. हात सवयीने चालला. 'सदर बाबतीत कार्यालयीन स्तरावर अनवधानाने चूक झाल्याचे नम्रपणे नमूद करण्यात येते.' खाली सही केली. सखूने कागद घेतला, बायकांकडे तोंड करून मोठ्याने वाचला, आणि एका शब्दाशी अडखळली.

"अनवधानानं म्हंजे?"

"म्हणजे... लक्ष नसताना."

"लक्ष नवतं तुजं?" तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी कागद परत मागून घेतला आणि ते सगळं खोडलं. त्याखाली, सरकारी भाषा बाजूला ठेवून, मला येतं तसं लिहिलं. या कागदाने माझी चौकशी लागेल, कदाचित निलंबनही होईल. लागू दे. माझ्याकडून तुम्हाला हे सोडून दुसरं काही देता येण्यासारखं राहिलेलं नाही. ही त्याची नक्कल:

'गेटवर सात वर्षं काम चांगुणा गणपत यांनी केलं. मला ते रोज माहीत होतं. मस्टरवर त्यांच्या दिराचं नाव मी जाणूनबुजून लिहिलं, कारण साहेबांशी भांडण्यापेक्षा ते सोपं होतं. चौकशीत मी खोटं बोललो, कारण मी घाबरलो. त्यांची काहीही चूक नव्हती. चांगुणाबाई, हे मी तुम्ही दाराशी उभ्या असताना म्हणायला हवं होतं. मला माफ करा.'